रुग्णालयाच्या अर्जातील ‘नाते’ हा रकाना आणि आमच्यासारखी माणसे

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. मी आणि माझा जोडीदार गेली अकरा वर्षे कोथरूडमध्ये एकाच घरात राहतो. आम्ही दोघेही पुरुष आहोत. सोसायटीत सुरुवातीला आम्हाला ‘रूममेट’ म्हणत असत. आता काहीच म्हणत नाहीत, मात्र गणपतीत दोघांना मिळून मोदकांचा एकच डबा येतो. म्हणजे ज्यांना समजायचे त्यांना समजले आहे, असे आम्ही धरून चाललो आहोत.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनच्या सुमारास त्याच्या पोटात उजवीकडे कळा येऊ लागल्या आणि मी त्याला जवळच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेले. आकस्मिक विभागातल्या तरुण डॉक्टरांनी दहा मिनिटांत अपेंडिक्सचे निदान केले, सोनोग्राफीत ते पक्के झाले आणि पहाटेच शस्त्रक्रिया करू असे ठरले. तोवर सर्व उत्तम होते. नंतर काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्यापुढे अर्ज सरकवला. रुग्णाचे नाव, वय, लिंग, पत्ता, नातेवाइकाचे नाव आणि शेवटी ‘नाते’. मी ‘मित्र’ असे लिहिले.

“मित्र चालत नाही. घरचं कोणी नाही का?”

“मी घरचाच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आमच्या दोघांच्या आधार कार्डांवरचा एकच पत्ता पाहिला आणि काहीही न बोलता ‘मित्र’ या शब्दावर आडवी रेघ मारली. ते उद्धटपणे वागले असे मी म्हणणार नाही. आवाजही चढला नाही. माझा जोडीदार स्ट्रेचरवरून “अहो, मी शुद्धीत आहे, मी सही करतो,” असे सांगत होता, त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, पेशंटची सही तर हवीच, पण नातेवाइकाचीही हवी. अखेर सोलापूरला त्याच्या थोरल्या भावाला फोन केला. ते मिळेल त्या गाडीने निघाले आणि साडेसातला पोहोचले. आठ वाजून गेल्यावर शस्त्रक्रिया सुरू झाली. अपेंडिक्स तोवर फुटले नव्हते, हे आमचे नशीब.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन भावाला विचारले की, पेशंटला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. दादांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “यांना विचारा, यांना ठाऊक असेल.” मी पेनिसिलिन सांगितले. त्या क्षणी मला दादांचे पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी संतापही आला, कारण हीच माहिती देण्यासाठी मी रात्री दोन वाजल्यापासून तिथे बसलो होतो.

माझे प्रश्न दोन आहेत. कायद्याने ही सही खरोखर आवश्यक असते का? आणि पुण्यात आमच्यासारखी इतर माणसे दवाखान्यात कशी निभावून नेतात?

---

स्पष्टच_सांगतो

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल सहानुभूती आहे, परंतु यात समलिंगी असण्याचा संबंध कोठे येतो, हे मला कळले नाही. माझी मावशी अविवाहित आहे, वय ७१. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी शेजारीण सोबत असूनही नाशिकहून भाच्याला, म्हणजे मला, बोलावून घेतले गेले. सर्वांनाच होणाऱ्या गैरसोयीला भेदभाव हे नाव दिले की चर्चा भलतीकडे जाते. डॉक्टर रुग्णाचे पोट पाहतो, त्याचा जोडीदार कोण आहे हे पाहत नाही आणि त्याने पाहूही नये, असे माझे मत आहे.

---

शनिवारपेठी_वकील

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या आणि समज शाबूत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत संमती त्याचीच लागते. दुसऱ्या कोणाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात रुग्ण स्त्रीला भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते, आणि न्यायालयाने आईची ती संमती ग्राह्य मानली नाही. जन्मदात्या आईची सही जिथे पुरत नाही, तिथे सोलापूरच्या भावाच्या सहीवाचून शुद्धीवरच्या माणसाची शस्त्रक्रिया अडावी, याला कायद्यात आधार नाही. रुग्ण बेशुद्ध असेल आणि जिवाला धोका असेल, तर संमती देणारे कोणी नसतानाही डॉक्टर सद्हेतूने उपचार करू शकतात. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये ही तरतूद होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे.

‘स्पष्टच_सांगतो’ यांचा मुद्दा मी टाकाऊ मानत नाही. त्यांच्या मावशींनाही हाच कायदा लागू होतो आणि त्यांच्यावरही अन्यायच झाला. मात्र एक फरक आहे. स्त्री-पुरुष जोडप्याने ‘पती’ किंवा ‘पत्नी’ असे लिहिले की विवाहाचा दाखला कोणी मागत नाही. समलिंगी जोडप्याला तो दाखला मिळवताच येत नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. त्या निकालानंतर केंद्र सरकारने समिती नेमली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून या समुदायाशी होणारा भेदभाव कमी करण्यास, तसेच जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे याकडे लक्ष देण्यास सांगितले. मृत्यूनंतरचा प्रश्न आधी सुचला आणि जिवंतपणीचा रकाना तसाच राहिला, हे आपल्या प्रशासनाच्या स्वभावाला धरूनच झाले.

---

कॅश_काउंटर

मी एका रुग्णालयाच्या प्रशासनात चौदा वर्षे काम केले आहे (धागाकर्त्यांचे रुग्णालय कोणते ते मला ठाऊक नाही आणि त्यांनी ते इथे लिहूही नये). वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी काउंटरच्या आतली बाजू सांगतो.

नातेवाइकाची सही संमतीसाठी घेतली जाते, असे अर्जावर छापलेले असते. प्रत्यक्षात ती दोन गोष्टींसाठी हवी असते. एक म्हणजे बिल. रुग्ण ऑपरेशन टेबलवर असताना पैशांसाठी कोणाला फोन करायचा, हे आम्हाला ठाऊक असावे लागते. दुसरी म्हणजे भीती. काही बरेवाईट झाले तर दुसऱ्या दिवशी गावाकडून पंचवीस माणसे येतात आणि “आम्हाला न विचारता कापलंच कसं?” असे म्हणून काचा फोडतात. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, पण रात्री दोन वाजता काउंटरवर बसलेल्या मुलाला त्या कायद्याचा आधार वाटत नाही, त्याला भावाच्या सहीचा वाटतो. म्हणून मी नोकरीत असताना ‘नाते’ हा रकाना बदलून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा विरोध डॉक्टरांकडून झाला नाही, तो हिशेब विभागाकडून झाला. ‘रुग्णाने नेमलेली व्यक्ती’ आणि ‘बिलाची जबाबदारी घेणारी व्यक्ती’ असे दोन वेगळे रकाने करा, असे मी सुचवले होते. सॉफ्टवेअर बदलायला खर्च येतो, या सबबीवर ते तसेच राहिले.

धागाकर्त्यांना एक व्यावहारिक सूचना करतो. पुन्हा कधी अशी वेळ आली तर काउंटरवर वाद घालू नका, कारण त्या मुलाच्या हातात काही नसते. रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा ड्युटी मॅनेजरना बोलवायला सांगा आणि “पेशंट शुद्धीत आहे, त्याची संमती आहे, अनामत रक्कम मी भरतो,” एवढेच बोला. शेवटच्या चार शब्दांनी बरीच दारे उघडतात. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती कोठे आहे असे शांतपणे विचारले तरी समोरचा सावध होतो.

---

निवृत्त_सिस्टर

मी सदतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यांतील बरीच वर्षे सरकारी रुग्णालयात. माझ्या अनुभवात रुग्णाला डॉक्टरांपेक्षा आम्ही, वॉर्डातले मामा आणि मावशा जास्त दुखावतो, कारण डॉक्टर दोनदा येऊन जातात आणि आम्ही चोवीस तास असतो.

मराठीत एक सोय आहे, ती आम्ही नकळत वापरतो आणि मुद्दाम वापरली तर पुष्कळ निभावते. समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटले की, तो पुरुष आहे की स्त्री, हे ठरवावेच लागत नाही. “तुम्ही कधी आलात? जेवलात का? कुठे दुखतंय?” यांत लिंग येतच नाही. घोटाळा होतो तो आपण रुग्णाच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतो तेव्हा. “ही सात नंबरची आली का?” “ही कसली, हा आहे तो!” आणि मग हसू. मी नव्या मुलींना सांगत असे की, रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी बोलायचेच असेल तर ‘सात नंबरचे पेशंट’ म्हणा, नाव ठाऊक असेल तर रुग्ण स्वतः सांगतो ते नाव घ्या, आणि शंका असेल तर पडद्याआड जाऊन हळू आवाजात विचारा, “तुम्हाला काय म्हणू?” आजवर या प्रश्नाचा कोणाला राग आलेला मी पाहिला नाही.

एकदा आमच्याकडे पाय मोडलेली एक तृतीयपंथी रुग्ण आली होती. पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचे की बायकांच्या, या वादात तिला दीड तास पोर्चमध्ये ट्रॉलीवर ठेवले होते. प्लास्टर नाही, वेदनाशामक नाही. शेवटी मी बायकांच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेला पडदा लावून घेतला आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींना विचारले की, चालेल ना. आजी म्हणाल्या, “माझं मेलं गुडघ्यानं प्राण चाललाय, मला काय त्याचं.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी एका बशीतून चहा पीत होत्या. मात्र तिला कुठे ठेवायचे, हे मी आजींना विचारले आणि तिला स्वतःला विचारलेच नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले.

---

चिंचवडकर_२७

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी पारलिंगी पुरुष आहे. जन्मदाखल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली, गेली चार वर्षे टेस्टोस्टेरॉन घेतो आहे, दाढी आहे, आवाज फुटला आहे. अजून गर्भाशय आहे. मध्यंतरी मला पाळीशिवाय रक्तस्राव झाला आणि मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. बाहेर सहा गरोदर बायका, त्यांच्या सासवा आणि मी. कंपाउंडरने सर्वांदेखत मोठ्याने विचारले, “साहेब, मिसेस कुठे आहेत?” मी केसपेपर पुढे केला. त्याने नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा नाव वाचले आणि म्हणाला, “हा पेपर चुकून दुसऱ्याचा आलाय.” मी चपला घातल्या आणि घरी आलो. त्या गोष्टीला सात महिने झाले. रक्तस्राव थांबला, पण तो का झाला होता हे मला अजून ठाऊक नाही.

पुण्यात ‘मित्र क्लिनिक’ होते. हैदराबादला २०२१ मध्ये ते पहिल्यांदा सुरू झाले, नंतर कल्याणला आणि पुण्यालाही. आमच्यासाठीचा दवाखाना म्हणून तिथे आपण कोण आहोत हे समजावून सांगण्यात पहिला अर्धा तास जात नसे. ते अमेरिकी मदतीवर चालत होते. २०२५ च्या जानेवारीत ती मदत थांबली आणि ते बंद झाले. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि इकडे कुलूप लागले. पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन, विमा, इतकेच नव्हे तर डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार, हे सारे सरकारने करावे असे लिहिले आहे. कलम वाचून बरे वाटते.

---

सकाळची_ओपीडी

मी हडपसर भागात जनरल प्रॅक्टिस करतो. चिंचवडकर, प्रथम तुमच्याविषयी. टेस्टोस्टेरॉन चालू असताना पाळी थांबलेली असून पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर त्याची कारणे बहुधा साधी असतात, जसे की डोस चुकणे किंवा गर्भाशयाचे अस्तर पातळ होणे. पण ती तपासल्याशिवाय गृहीत धरायची नसतात. सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयमुख आहे तोवर पॅप तपासणीही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची चाचणी) लागते, मग दाढी असो वा नसो. रक्त तपासताना लॅबला टेस्टोस्टेरॉनविषयी सांगा, कारण त्याने हिमोग्लोबिन वाढते आणि अर्जावर ‘स्त्री’ असेल तर अहवालात ते उगाच लाल अक्षरांत येते. याच्या उलट, पारलिंगी स्त्रियांना एक कळकळीची सूचना आहे की, मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या चार-चार घेऊ नका. त्यांतल्या इस्ट्रोजेनच्या प्रकाराने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. संप्रेरके घ्यायची असतील तर वेगळी, अधिक सुरक्षित औषधे आहेत, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी आपण ती घेतो हे भूलतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे.

‘डॉक्टर रुग्णाचे पोट पाहतो’ या वाक्याविषयी थोडे लिहितो, कारण मीही अनेक वर्षे असेच मानत होतो. एक तरुण माझ्याकडे शौचाच्या जागी दुखते म्हणून आला. मी मूळव्याधीचे मलम दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, मी मलम बदलून दिले. ‘लग्न झालंय का?’ एवढे विचारले होते, त्याने ‘नाही’ सांगितले होते आणि मी पुढे गेलो होतो. तिसऱ्या वेळी तो केबिनच्या दारापर्यंत गेला, परत आला आणि उभ्यानेच बोलला. तो गनोरिया, म्हणजे लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग, होता. दोन साध्या औषधांत बरा होणारा आजार मी जवळपास महिनाभर त्याला अंगावर काढायला लावला, कारण माझा प्रश्न चुकीचा होता. त्यानंतर मी ‘घरी कोण कोण असतं?’ असे विचारू लागलो, आणि गरज असेल तिथे दार लावून घेऊन, ‘जोडीदार पुरुष आहे, स्त्री आहे की दोन्ही? मी सर्वांनाच विचारतो,’ असे. ‘सर्वांनाच विचारतो’ हे शब्द खरे असले पाहिजेत. केवळ नाजूक दिसणाऱ्या मुलाला विचारले तर तो बरोबर ओळखतो.

यातूनच वेळेत करता येण्यासारख्या गोष्टी निघतात. एचआयव्हीचा धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधे आहेत. संबंधाआधीपासून रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी आहे. हिपॅटायटिस ‘बी’ची लस आहे. सोमवारी सकाळी लाजत आलेला माणूस शुक्रवारच्या रात्रीबद्दल बोलला नाही, तर ७२ तास तिथेच संपत येतात. एचआयव्हीसंबंधी २०१७ चा कायदा उपचारांत भेदभाव करण्यास मनाई करतो आणि माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही घालतो, हेही रुग्णाला सांगावे लागते.

आणि आमच्या शिक्षणाविषयी काय सांगावे! जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला, आणि तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त येऊन बसले. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत तो मागे घेतला गेला. चूक दुरुस्त झाली, पण ती लिहिणारा हात कोणत्या वर्षात वावरत होता, याचे मला अजून कुतूहल आहे.

---

धायरीची_आई

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना त्याने आम्हाला सांगितले. आम्ही त्याला शहरातल्या एका नामांकित समुपदेशकाकडे नेले. त्यांनी बारा बैठकांचे पॅकेज सांगितले आणि “मुलगा लायनीवर येईल,” असे आश्वासन दिले. आम्ही पैसे भरले. चौथ्या बैठकीनंतर मुलगा जेवेनासा झाला, सहाव्यानंतर त्याने खोलीची आतली कडी लावून घेतली. त्याचे वडील तासभर दाराबाहेर जमिनीवर बसून होते. दार उघडल्यावर ते एवढेच म्हणाले, “उद्यापासून तिकडे जायचं नाही.”

हे सर्व करताना आम्हाला वाटत होते की, आपण त्याच्यावर उपचार करतो आहोत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या ‘बदलण्याच्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे मला फार नंतर समजले. येथे कोणी आईवडील वाचत असतील तर त्यांनी पहिल्याच भेटीत समुपदेशकाला एक प्रश्न विचारावा: “माझं मूल असंच राहिलं, तर तुमच्या मते उपचार फसले का?” उत्तर ‘हो’ असेल तर उठावे. आम्हाला नंतर ज्या बाई मिळाल्या त्यांनी मुलाला अर्धा तास आणि आम्हा दोघांना दीड तास दिला. उपचारांची गरज कोणाला होती, हे त्यांनी न बोलता सांगितले.

---

स्पष्टच_सांगतो

डॉक्टर आणि धायरीच्या ताई, दोघांचेही प्रतिसाद वाचले. माझे ‘पोट पाहतो’ हे वाक्य मी मागे घेतो. मावशीविषयीचा मुद्दा मात्र कायम ठेवतो, किंबहुना आता वकील साहेबांना विचारतो की, तिच्यासाठी मी आधीच काही कागद करून ठेवू शकतो का? तिची शेजारीण तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

---

शनिवारपेठी_वकील

अवश्य करून ठेवा, आणि धागाकर्त्यांनीही करावा. सर्वसाधारण उपचारांसाठी ‘माझ्या प्रकृतीची माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, मला बोलता येत नसेल तर माझ्या इच्छा तिच्याकडून जाणून घ्याव्यात’ असे स्वाक्षरीचे पत्र करून ठेवावे. त्याला वेगळा कायदा नाही, पण रुग्णाची लेखी इच्छा डावलणे कोणत्याही रुग्णालयाला जड जाते. मानसिक आजारासाठी तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १४ नुसार कोणाही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर आपला प्रतिनिधी म्हणून नेमता येते; रक्ताचे नाते लागत नाही, त्या व्यक्तीची लेखी तयारी मात्र लागते. त्याच कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यासही मनाई केली आहे. शेवटच्या आजारपणातल्या निर्णयांसाठी वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करता येते. २०२३ मध्ये न्यायालयाने त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. त्यात कोणाचे ऐकायचे, ती नावे लिहायची असतात.

---

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ‘स्पष्टच_सांगतो’, आपल्या मावशींमुळे माझा प्रश्न मोठा झाला, लहान नव्हे.

काल टाके तपासायला गेलो होतो. जाताना दोघांनी एकमेकांच्या नावे लिहिलेली पत्रे नोटरी करून नेली आणि वैद्यकीय अधीक्षकांना भेटलो. त्यांनी पत्र दोनदा वाचले, फाइलला लावायला सांगितले आणि म्हणाले की, अर्ज बदलणे त्यांच्या हातात नाही, पण रात्रपाळीसाठी सूचना काढता येईल. ती काढतील की नाही हे पाहायचे. परतताना काउंटरवर तेच गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला ओळखले, पुढच्या तपासणीची पावती फाडली आणि ‘सोबत’ या शब्दापुढे माझे नाव लिहिले. ‘नाते’ हा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

चिंचवडकर, आपल्याला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता त्यात आहे, त्या गुरुवारी दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर वेळ देतात आणि त्यांच्या केसपेपरवर ‘हाक मारायचे नाव’ असा वेगळा रकाना आहे.

---

चिंचवडकर_२७

मिळाला. गुरुवारी तीन चाळीसची वेळ घेतली आहे. सोनोग्राफीसाठी चार ग्लास पाणी पिऊन या म्हणाल्या.